दंडावरचा नांगर

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात, पितळी समईखाली दडपलेला कापडाचा एक तुकडा मी उचलला तेव्हा मला एवढेच दिसले: गडद निळी बनात, तिच्यावर लाल दोऱ्याने भरलेला नांगर, आणि नांगराखाली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या तीन फिती. दुकानदार म्हणाला, "साहेब, कॅप्टनचा बिल्ला आहे." मी मनात म्हटले, कॅप्टन नसेल, पण तीन फिती म्हणजे हवालदाराच्या तोडीचा कोणीतरी नक्कीच. पोलिसांच्या बाहीवरच्या तीन फिती पाहतच आपण लहानाचे मोठे होतो, त्यामुळे फीत दिसली की हुद्दा आठवतो.

आम्ही दोघेही चुकलो होतो. ब्रिटिश पद्धतीच्या नौदलात डाव्या दंडावरच्या या फिती हुद्दा सांगत नाहीत. त्या चांगल्या वर्तणुकीच्या असतात. रॉयल नेव्हीत तीन वर्षे निष्कलंक नोकरी झाली की पहिली फीत मिळे, आठ वर्षांनी दुसरी, तेरा वर्षांनी तिसरी. दुसऱ्या महायुद्धानंतर हा हिशेब चार, आठ आणि बारा वर्षांचा झाला. हुद्दा सांगतो तो वरचा नांगर. दोर गुंडाळलेला एकच नांगर म्हणजे लीडिंग सीमन. दोन नांगर एकमेकांवर तिरके आणि त्यांच्यावर मुकुट, म्हणजे पेटी ऑफिसर. चीफ पेटी ऑफिसरच्या दंडावर हुद्द्याचे चिन्हच नसते, त्याची ओळख मनगटाजवळच्या तीन बटणांवरून पटते. तेव्हा तीन फितींचा माणूस साधा एबल सीमनही असू शकतो, आणि एकही फीत नसलेला तरुण पेटी ऑफिसर त्याला हुकूम देत असू शकतो. माझ्या हातातला तुकडा होता तेरा वर्षे चोख नोकरी केलेल्या एका लीडिंग सीमनचा. कॅप्टनच्या सोनेरी पट्ट्यांहून मला तो आज जास्त मोलाचा वाटतो, कारण तेरा वर्षे म्हणजे एका माणसाची सगळी तरुणाई.

त्या दिवसापासून मी बिल्ला वाक्यासारखा वाचू लागलो. हा माणूस कोण होता? कोणते काम करत होता? कोणत्या काळात? आणि हे कापड खरोखर कुणाच्या अंगावर होते का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे सुलट बाजू देते. चौथ्याचे उत्तर उलट बाजूला असते, आणि नव्या संग्राहकाचे पैसे बुडतात ते ही उलट बाजू न पाहिल्यामुळे.

मराठी वाचकाने सुरुवात कुठून करावी, असे मला कोणी विचारले तर मी रॉयल इंडियन नेव्हीचे नाव घेतो. हे नौदल मुंबईचेच. त्याची परंपरा बॉम्बे मरीनपर्यंत मागे जाते. पुढे रॉयल इंडियन मरीन हे नाव आले आणि २ ऑक्टोबर १९३४ रोजी त्याचे रॉयल इंडियन नेव्ही झाले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमान घरांतून पिढ्यान्पिढ्या खलाशी या सेवेत जात होते. मुख्यालयही मुंबईत होते, ते दिल्लीला हलले १९४१ मध्ये, महायुद्ध चालू असताना. या नौदलाचे बिल्ले रॉयल नेव्हीच्याच नमुन्याचे. म्हणून ब्रिटिश बिल्ले वाचता आले की आपले वाचता येतात. मात्र नुसत्या नांगरावरून तो पोर्ट्समथच्या खलाशाचा होता की दाभोळच्या, हे ठरवता येत नाही. ते ठरते सोबतच्या वस्तूंवरून: टोपीची पट्टी, नोकरीचे कागद, एखादा फोटो. महायुद्धात जहाजाचे नाव गुप्त राहावे म्हणून टोपीच्या पट्टीवर नुसतीच आद्याक्षरे असत. रॉयल नेव्हीच्या पट्टीवर एच.एम.एस., तर आपल्या पट्टीवर एच.एम.आय.एस. त्या एका 'आय'वर सगळी ओळख टिकलेली असते. म्हणून पट्टी आणि बिल्ला एकत्र मिळाले तर त्यांची ताटातूट करू नये.

आता मुकुट. ब्रिटिश परंपरेतल्या बिल्ल्याचा काळ ठरवायला याच्याइतके सोपे साधन दुसरे नाही, आणि याच्याइतके अर्धवट वापरले जाणारेही नाही. १९०१ मध्ये सातवा एडवर्ड गादीवर आला तेव्हापासून सहाव्या जॉर्जच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५२ पर्यंत, बिल्ल्यांवर ट्यूडर मुकुट असतो. त्याच्या कमानी दोन्ही बाजूंनी चढत जाऊन मध्यभागी घुमटासारख्या मिळतात. एलिझाबेथ राणी झाल्यावर सेंट एडवर्डचा मुकुट आला. त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात, दोन खांद्यांच्या मधे मान आत गेल्यासारख्या. बाजारात पहिल्याला किंग्ज क्राउन आणि दुसऱ्याला क्वीन्स क्राउन म्हणतात. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहा, पुन्हा कधी गोंधळ होणार नाही.

यातून एक पक्की कसोटी निघते. भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला, त्याच दिवशी रॉयल इंडियन नेव्हीचे भारतीय नौदल झाले, आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. एलिझाबेथ गादीवर आली त्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीच्या बिल्ल्यावर क्वीन्स क्राउन असूच शकत नाही. तसा बिल्ला त्या नावाने कोणी दाखवला तर तो एकतर बनावट आहे किंवा दुसऱ्या देशाचा आहे. दुसऱ्या देशाचा असण्याची शक्यताही विचारात घ्या, कारण पाकिस्तानचे नौदल १९५६ पर्यंत 'रॉयल' होते आणि सिलोनचे १९७२ पर्यंत. त्या दोघांचे बिल्ले आपल्या उपखंडातल्या बाजारांत फिरतात आणि ते आपापल्या जागी अस्सल असतात. चुकीचे असते ते त्यांना चिकटवलेले नाव.

याच कसोटीला २०२२ नंतर एक नवी अडचण आली. तिसऱ्या चार्ल्सने आपल्या कारकिर्दीसाठी पुन्हा ट्यूडर धाटणीचा मुकुट निवडला. त्यामुळे रॉयल नेव्हीचे आजचे बिल्लेही घुमटाकार मुकुटाचे होऊ लागले आहेत. दहा वर्षांपूर्वी 'घुमट दिसला, म्हणजे १९५२ च्या आधीचा' असे बिनधास्त म्हणता येत होते. आता त्याच चित्राखाली कालचा पॉलिस्टरचा दोरा असू शकतो. मुकुट पाहिल्यावर कापड पाहायचेच, ही सवय आता लावून घ्यावी लागते.

डाव्या दंडाने हुद्दा सांगितला, उजवा दंड काम सांगतो. तोफखान्याच्या माणसाला तोफ, टॉर्पेडोवाल्याला टॉर्पेडो, बॉयलरच्या खोलीत राबणाऱ्या स्टोकरला तीन पात्यांचा पंखा, पाणबुड्याला शिरस्त्राण, झेंड्यांनी संदेश देणाऱ्या सिग्नलमनला दोन तिरके झेंडे, बिनतारी यंत्रावर बसणाऱ्या टेलिग्राफिस्टला पंख आणि त्यामधून जाणारी वीज. लेखनिक, स्वयंपाकी, भांडारातला माणूस यांना ताऱ्यात एकेक इंग्रजी अक्षर. चिन्हाच्या वर-खाली तारे वाढत जातात तशी त्या कामातली पात्रता वाढत जाते. रंगाचाही अर्थ असतो: निळ्या बनातीवर सोनेरी जर म्हणजे समारंभाचा पोशाख, निळ्यावर लाल दोरा म्हणजे रोजचा, आणि पांढऱ्या सुती कापडावर निळा दोरा म्हणजे उष्ण प्रदेशातला. मुंबईत सापडणाऱ्या बिल्ल्यांत पांढऱ्यावर निळे जास्त दिसतात, त्याचे कारण आपली हवा. नवे संग्राहक त्यांच्याकडे पाहतही नाहीत, सगळ्यांना जर हवी असते. मला उलट वाटते. जरीचा बिल्ला पेटीत राहिला, पांढरा बिल्ला डेकवर घामाने भिजला.

ही चिन्हे वाचायला शिकण्याचे खरे कारण मला कुलाब्याच्या 'तलवार'ने दिले. एच.एम.आय.एस. तलवार हे किनाऱ्यावरचे ठाणे, संदेशवहनाचे शिक्षण देणारे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी तिथल्या नाविकांनी काम बंद केले, आणि पाहता पाहता उठाव जहाजांवर आणि कराचीपर्यंत पसरला. नाविकांनी नेमलेल्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे लीडिंग सिग्नलमन होते आणि उपाध्यक्ष मदन सिंग पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट. आता ही दोन नावे बाहीवर वाचून पाहा. एकाच्या डाव्या दंडावर एक नांगर, उजव्यावर तिरके झेंडे. दुसऱ्याच्या डाव्या दंडावर मुकुटाखाली दोन नांगर, उजव्यावर पंख आणि वीज. उठाव इतक्या झपाट्याने का पसरला, याचे निदान एक कारण त्या उजव्या दंडावर भरलेले आहे: ज्यांच्या हाती संदेशाची यंत्रे होती, तेच उठले होते. आणि मदन सिंगांच्या डाव्या दंडावर नांगरांच्या वर ब्रिटिश मुकुट होता, हेही विसरता येत नाही. त्या दिवसांत ज्या मुकुटाविरुद्ध ते उभे राहिले, तो त्यांच्याच बाहीवर शिवलेला होता. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट मी अनेकदा वाचली होती; कापड हातात आल्यावर ती मला समजली.

एक इशारा इथेच देतो. 'उठावातला बिल्ला' म्हणून काही विकायला आले तर त्यासोबत नाव, नोकरी क्रमांक, कागद काय आहे ते विचारा. बिल्ला १९४६ मध्ये वापरात असलेल्या नमुन्याचा आहे, एवढे कापड सांगू शकते. तो त्या दिवशी 'तलवार'वर होता, हे कापड सांगू शकत नाही. तेवढ्या वाक्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

अधिकाऱ्यांच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. त्या मनगटाभोवती किंवा खांद्यावर असतात आणि वरच्या पट्टीला गोल वळण असते. कायम सेवेतल्या अधिकाऱ्याची पट्टी सरळ, व्यापारी जहाजांवरून आलेल्या राखीव अधिकाऱ्याची दोन दोऱ्यांची वेणी घातल्यासारखी, आणि युद्धकाळात स्वयंसेवक म्हणून भरती झालेल्याची नागमोडी. महायुद्धात नौदलात शिरलेल्या पुष्कळ भारतीय तरुण अधिकाऱ्यांच्या हातावर ही नागमोडी पट्टी होती. पट्ट्यांच्या मधे रंगीत कापड दिसले तर ती शाखा: जांभळा इंजिनिअरचा, लाल डॉक्टरचा, पांढरा हिशेब आणि पुरवठ्याचा. रॉयल नेव्हीने १९५५ मध्ये वैद्यकीय आणि तत्सम शाखा सोडून बाकीचे रंग बंद केले, म्हणून जांभळा रंग दिसला की तारीख आपोआप मागे सरकते. ते गोल वळण आपल्याकडे नेल्सन रिंग म्हणून ओळखले गेले आणि स्वातंत्र्यानंतरही टिकले. ४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणला झालेल्या नौदल दिनी खांद्यावरची चिन्हे बदलण्याची घोषणा झाली, आणि त्या महिन्याच्या अखेरीस अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरून ते वळण गेले व शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. कालपर्यंत दुकानात सहज मिळणारी वस्तू अशी एका दिवसात जुनी होते. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या घरी आत्ता जे आहे, ते जपण्याची हीच वेळ आहे.

अमेरिकी बिल्ले आपल्याकडे कमी, पण परदेशात राहणाऱ्या मराठी संग्राहकांना तेच आधी भेटतात, आणि ते अतिशय वाचनीय आहेत. ब्रिटिश सवय इथे बाजूला ठेवावी लागते, कारण अमेरिकी नौदलात फिती हुद्दाच सांगतात. १८८६ च्या नियमांपासून एकाच बिल्ल्यात तीन गोष्टी येतात: वर पंख पसरलेला गरुड, मधे कामाचे चिन्ह, खाली फिती. एक फीत म्हणजे पेटी ऑफिसर तिसऱ्या वर्गाचा, दोन म्हणजे दुसऱ्या, तीन म्हणजे पहिल्या. तीन फितींवर कमान असली की चीफ. १९५८ नंतर चीफच्या वर तारे असलेले आणखी दोन हुद्दे आले. गरुडाला खलाशी 'क्रो', म्हणजे कावळा म्हणतात, आणि संग्राहकांनीही तो शब्द उचलला आहे.

महायुद्धातला अमेरिकी बिल्ला ओळखायचा तर गरुड कुठे पाहतो ते पाहा. १९४१ ते १९४८ या काळात डेकवरच्या आणि शस्त्रांच्या कामांचे बिल्ले, म्हणजे बोसन, तोफ, टॉर्पेडो, सुकाणू, सिग्नल अशा लोकांचे, उजव्या बाहीवर असत आणि बाकीच्यांचे डाव्या. दोन्हींवर गरुड माणसाच्या पुढच्या दिशेला पाहायचा. त्यामुळे उजव्या बाहीचा बिल्ला टेबलावर ठेवला तर गरुडाची चोच पाहणाऱ्याच्या उजवीकडे येते. १९४८-४९ मध्ये सगळे बिल्ले डाव्या बाहीवर गेले आणि सगळ्या चोची पाहणाऱ्याच्या डावीकडे वळल्या. म्हणून तिरक्या तोफा आणि उजवीकडे पाहणारा गरुड असा बिल्ला हाती आला तर तो १९४८ नंतरच्या नियमाचा नाही. याला जोड म्हणून नाहीशी झालेली चिन्हे शिकून घ्या. युद्धकाळात पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात एकेक अक्षर घालून 'स्पेशालिस्ट' नेमले गेले: टी म्हणजे शिक्षक, एम म्हणजे टपाल, एस म्हणजे किनाऱ्यावरची गस्त, डब्ल्यू म्हणजे धर्मोपदेशकाचा मदतनीस. ही पद्धत १९४८ मध्ये संपली. त्याच वर्षी औषधोपचार करणाऱ्या माणसाचा लाल क्रॉस जाऊन दोन सापांची काठी आली. फितींचा रंग निळ्या पोशाखावर साधारणपणे लाल, पांढऱ्यावर निळा. २०१९ पर्यंत निळ्यावर सोनेरी फिती म्हणजे बारा वर्षांची निष्कलंक नोकरी. म्हणजे वर्तणुकीचा हिशेब अमेरिकेतही होता, फक्त तो रंगात लिहिला जाई.

जर्मन नौदलाच्या बिल्ल्यांकडे पहिली दोन-तीन वर्षे फिरकू नका. नाझी काळातल्या वस्तूंना भाव फार, म्हणून नकलाही फार, आणि त्या करणारे हात कसलेले आहेत.

आता बिल्ला उलटा करा. हातात दहापट मोठे दाखवणारे भिंग असावे, जवाहिऱ्याचे चालते. जुना यंत्रावर भरलेला बिल्ला मागून पाहिला तर सुती दोऱ्यांची गिचमिड दिसते, एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे उड्या मारत गेलेले टाके दिसतात. हाताने भरलेल्या जरीच्या मागे बहुधा कागद किंवा कापड चिकटवलेले असते, आणि त्या कागदाला वयाचा पिवळेपणा आलेला असतो. पाठीवर चकचकीत प्लॅस्टिकचा थर किंवा इस्त्रीने चिकटवायचा गोंद असला तर तो महायुद्धाचा नाही, पुढे बोलायची गरजच नाही. पॅचची कड जाड, गोलसर गुंफलेली असली तरी सावध व्हा. तशी कड अमेरिकी पॅचवर १९६० च्या सुमारास सर्रास झाली. त्याआधीचे बहुतेक पॅच नुसते कापलेल्या कडेचे किंवा कड दुमडून शिवलेले असतात.

दोऱ्याची परीक्षा दोन प्रकारे होते. पहिली अतिनील दिव्याची, नोटा तपासायच्या छोट्या टॉर्चची. अंधारात तिचा प्रकाश टाकला की आधुनिक कृत्रिम दोरा निळसर पांढरा चमकतो, जुना सुती दोरा मंद राहतो. पण या परीक्षेवर एकटीवर विसंबू नका, कारण जुना बिल्ला नव्या साबणाच्या पावडरीत धुतलेला असला तर तोही चमकतो. पावडरीत उजळपणासाठी घातलेले द्रव्य कापडात राहते. दुसरी परीक्षा जाळण्याची, आणि ती फक्त मागे सुटून लोंबणाऱ्या एखाद्या तंतूवर, स्वतःच्या मालकीच्या बिल्ल्यावर करावी. सूत जळते तेव्हा जळक्या कागदाचा वास येतो आणि हलकी राख उरते. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. आपल्या घरांतल्या बायका साडी खरी रेशमाची आहे का हे याच रीतीने पाहत आल्या आहेत, त्यामुळे शंका आली तर आईला किंवा आजीला विचारा.

जरीच्या बिल्ल्यांबाबत आपल्याला एक फायदा आहे. जरदोजी ही आपल्याच मातीतली कला, आणि बनारस नि सियालकोटचे कारागीर आजही जगभरच्या सैन्यांसाठी जरीचे बिल्ले भरतात. त्यांचे काम अस्सल आहे, त्यात खोट काही नाही. खोट सुरू होते ती कोणीतरी त्यांचा मागच्या वर्षीचा बिल्ला विकत घेऊन, चहात बुडवून, वाळवून, 'आजोबांच्या पेटीतला' म्हणून विकतो तेव्हा. ओळखायचे कसे? चांदीवर सोन्याचा मुलामा असलेली जुनी तार काळसर होते आणि ज्या उंचवट्यांवर बोटे, दप्तरे, दोर घासले तिथे सोने आधी जाते. तांब्यावरची स्वस्त तार हिरवट पडते. चहाचा रंग तर सगळीकडे सारखा चढतो, दुमडलेल्या कडेच्या आतही. इथेच नकलाकार सापडतो. खरे कापड उन्हात विटते तेव्हा दुमडीच्या आत ऊन पोहोचत नाही, म्हणून कड हलकेच उलगडून पाहिली तर आत मूळचा गडद निळा रंग ताजा असतो. बाहेर विटका, आत गडद असेल तर कापड जगलेले आहे. बाहेर तपकिरी आणि आतही तितकाच तपकिरी असेल, तर बिल्ला शांतपणे खाली ठेवा आणि पुढच्या दुकानाकडे वळा.

शिवणीच्या खुणा हा माझा आवडता भाग. कडेने रांगेत बारीक छिद्रे असतात, कधी त्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे तुटके टोक अडकलेले असते. छिद्रांच्या दोन रांगा असल्या तर बिल्ला एका सदऱ्यावरून काढून दुसऱ्यावर लावला गेला. टाके वेडेवाकडे असले तर खलाशाने ते स्वतः घातले असावेत. सुई-दोरा प्रत्येक खलाशाच्या सामानात असे. विकणारे अशा बिल्ल्याला 'खराब' म्हणतात आणि कोरा, न शिवलेला बिल्ला 'उत्तम' म्हणून दुप्पट किमतीला देतात. भांडारातून कधी बाहेरच न आलेला कोरा बिल्ला अस्सल असू शकतो, पण नकलाकाराला सोपा असतो तोही कोराच. नव्या संग्राहकाने पहिले वर्षभर फक्त वापरलेले बिल्ले घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळा त्यावरच तयार होतो.

डोळा तयार व्हायला फोटोही लागतात. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने महायुद्धातल्या रॉयल इंडियन नेव्हीची पुष्कळ छायाचित्रे सर्वांना पाहण्यासाठी खुली केली आहेत. त्यांतल्या बाह्या मोठ्या करून पाहा: नांगर कोपराच्या किती वर आहे, फिती नांगराखाली किती जवळ आहेत. 'नॅशनल जिऑग्राफिक'चा जून १९४३ चा अंक अमेरिकी सैन्याच्या चिन्हांच्या रंगीत चित्रांना वाहिलेला होता. रद्दीत कधी दिसला तर सोडू नका. युद्ध चालू असताना छापलेली ती चित्रे आजच्या कोणत्याही यादीपेक्षा भरवशाची.

घरी आणल्यावर बिल्ला धुऊ नका. जरीला तर पाणी लावूच नका. लाकडी कपाटाच्या फळीवर थेट ठेवू नका आणि पीव्हीसीच्या पाकिटात कोंडू नका. आम्लरहित कागदात सपाट ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बनातीला कसर लागते आणि दमटपणाने जर काळवंडते. कसर दिसली तर बिल्ला हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. वस्तुसंग्रहालयेही हेच करतात. कायद्याच्या दोन गोष्टीही माहीत असाव्यात. सैनिक किंवा नाविक असल्याचे भासवण्यासाठी गणवेश किंवा बिल्ला वापरणे हा भारतात गुन्हा आहे. संग्रह करणे हा नाही. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, म्हणून ती परवान्याविना देशाबाहेर पाठवू नये. पहिल्या महायुद्धातल्या बिल्ल्यांनी शंभरी केव्हाच ओलांडली आहे.

राहता राहिली कात्री. बिल्ल्याला भाव आहे असे कळले की लोक सदऱ्यावरून तो कापून घेतात आणि सदरा पोछ्याला जातो. चोर बाजारातला माझा तुकडाही असाच कापलेला आहे. बाहीचा कातरलेला काठ त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतो. सदरा असता तर आत कुठे नाव असते, नोकरी क्रमांक असता, आणि त्या तेरा वर्षांना एक माणूस मिळाला असता. आता तो मिळणार नाही.

तुमच्या घरात, विशेषतः दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवणकडच्या घरांत, माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी असेल आणि तिच्यात आजोबांचा निळा सदरा असेल, तर तो आहे तसा राहू द्या. बिल्ला काढू नका. एका कागदावर पेन्सिलीने त्यांचे पूर्ण नाव, गाव, जहाज आणि आठवत असतील ती वर्षे लिहा, आणि तो कागद सदऱ्याच्या खिशात ठेवा. हे आजच करा, कारण जहाजाचे नाव आठवणारे माणूस घरात आज आहे.